माळावरचे अकरा दगड

बाई, आपल्या माळाला आता कुंपण आहे. आत जायला लोखंडी फाटक, फाटकापासून नाल्यापर्यंत सिमेंटच्या ठोकळ्यांची पायवाट, दोन्ही बाजूंना कडुनिंबाची रोपे आणि प्रत्येक वळणावर एक बाक. संध्याकाळी गावातल्या बायका तिथे फेऱ्या मारतात, मुले घसरगुंडीपाशी भांडतात, आणि आदिलाबादहून मोटारीने आलेली माणसे फाटकाजवळच्या पाटीसमोर उभी राहून फोटो काढून घेतात. ही जुनी रणभूमी आहे, असे पाटीवर तेलुगूत आणि मराठीत लिहिले आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावच्या समितीने मला विचारले, की येणाऱ्यांना लढाई समजावून सांगाल का. मी विचार न करता हो म्हटले. पाचवीत तुम्ही शिकवलेला धडा पुन्हा शिकवायला मिळणार, एवढेच मला दिसले. आज रविवार आहे. उद्या सकाळी दहा वाजता मला मंडल कार्यालयात एक कागद द्यायचा आहे, आणि त्या कागदाच्या धास्तीने गेले तीन आठवडे मला जेवण गोड लागत नाही. कागद पिशवीत आहे. तो आहे ना, हे मी सकाळपासून चार वेळा पाहिले.

आधी लढाईविषयी सांगते, कारण मी ती नीट सांगते का हे तपासायला तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही. मी नेहमी नाल्यापासून सुरुवात करते, तुम्ही केली होती तशी. लढाई समजून घ्यायची असेल तर आधी पाणी कुठून कुठे वाहते ते पाहावे, असे तुम्ही म्हणत होता. लोकांना मी पहिल्यांदा नाल्याच्या उंच काठावर नेते आणि पूर्वेकडे पाहायला लावते. तिकडून सरकारची पलटण आली. सारा वसूल करायला आलेली ही पलटण तोफेसह होती, आणि पावसाळा नुकताच संपला होता. मी खाली वाकून काळी माती हातात घेते, तिच्यावर बाटलीतले थोडे पाणी ओतते आणि कोणाला तरी तिच्यात बोट खुपसायला सांगते. बोट सहज निघत नाही. मग तोफेचे चाक कसे निघेल, असे मी विचारते, आणि शहरातून आलेल्या माणसांचे चेहरे तेवढ्या चिखलाने उजळतात. इकडच्या गावांतली माणसे काठाच्या आडोशाला होती, गोफणी आणि थोड्या ठासणीच्या बंदुका घेऊन. रुतलेल्या तोफेचे तोंड नाल्याकडे वळवता येईना, आणि गोळा उडाला तरी तो काठावरून पलीकडे जाई. दुपारपर्यंत त्यांनी पलटण रोखून धरली. मग घोडेस्वार वरच्या उतारावरून वळसा घालून पाठीमागे आले. इथपर्यंत मी न अडखळता बोलते. इथून पुढे पायवाट दगडांकडे वळते, आणि माझा आवाज बदलतो. ऐकणाऱ्यांना वाटते, मी गहिवरले.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. पाचवीचा वर्ग, हजेरीपटावर अकरा नावे. तुम्ही आम्हाला माळावर आणले आहे, पुस्तके शाळेतच ठेवायला लावली आहेत. तुम्ही पदर खोचून नाल्यात उतरता आणि सांगता, प्रत्येकाने एक दगड उचला, स्वतःला पेलेल एवढा. आता तुम्ही त्या सकाळची माणसे. तोफ त्या टेकाडाशी. तुम्ही कुठे थांबाल? जिथे थांबाल तिथे दगड रोवा, आणि तिथेच का, ते मला सांगा. गुरे लाथाडतील म्हणून दगड अर्धा मातीत पुरायचा, हेही तुम्हीच शिकवले. मी माझा दगड मोहाच्या झाडाखाली रोवला, कारण ऊन होते. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "सावली पाहून जागा धरलीस? तो माणूस बाजाराला आला नव्हता." वर्ग हसला. मला दगड उपटायला लावलात. मी रडत रडत काठाने चालले, पोटावर आडवी झाले, डोके वर काढून टेकाडाकडे पाहिले, पुढे सरकले, पुन्हा आडवी झाले. एका ठिकाणी काठ जरा खचलेला होता. तिथे बसले की टेकाडावरून माणूस दिसत नाही, पण माणसाला टेकाडही दिसते आणि नाल्याचा उतारही. मी तुम्हाला हे बोलून दाखवले. तुम्ही स्वतः तिथे बसून पाहिलेत, लुगड्याला माती लागली तरी, आणि म्हणालात, "आता रोव." आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला काही समजावून सांगितले होते आणि समोरच्याला ते पटले होते. पुढची सगळी वर्षे मी त्याच दोन शब्दांसाठी शिकवत राहिले, असे कधी कधी वाटते.

मग तुम्ही चौकटींच्या कागदावर माळाचा नकाशा काढलात. पावले मोजायचे काम आमचे, पेन्सिल तुमची. प्रत्येक दगडाशी ज्याचा त्याचा हजेरी क्रमांक. माझा सातवा. शनिवारी सगळे दगड पुन्हा नाल्यात नेऊन टाकू, माळ होता तसा ठेवू, असे ठरले होते. पण त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या शाळेत तुमच्या बदलीचा हुकूम आला. जाताना तो नकाशा तुम्ही मला दिलात. तो अजून माझ्याजवळ आहे, घड्यांवर थोडा फाटलेला. तुम्ही वारल्याचे मला पुढे नदीपलीकडून लग्नाला आलेल्या एका पाहुण्याकडून कळले, तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षे झाली होती.

मी शिकायला आदिलाबादला गेले, नंतर शिक्षिका होऊन आपल्याच शाळेत परतले. पहिल्या आठवड्यात माळावर गेले, तर दगडांना शेंदूर. कोणाची तरी हरवलेली म्हैस त्यांच्यापाशी सापडली होती, त्याने नवस फेडला, दुसऱ्याने पाहून नारळ फोडला, एवढेच निमित्त. मला हसू आले. मुख्याध्यापकांना सांगावे म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले, तर तेच मला कौतुकाने सांगू लागले, की या माळावर आपले अकरा जण पडले. मी तिथेच गप्प झाले. अकरा हा आकडा आमच्या हजेरीपटाचा होता, बाई, आणि वर्गातली बाकीची दहा जणे लग्नाने किंवा कामाने केव्हाच गाव सोडून गेली होती. वर्गात मुलांनी दगडांविषयी विचारले की मी म्हणे, लोक असे मानतात. या तीन शब्दांत खोटे काहीच नव्हते. मी ते इतकी वर्षे वापरले, की त्यांच्यामागे मी दडून बसले आहे हे माझे मलाही दिसेनासे झाले. बागेच्या पाटीचा मजकूर मराठी तपासायला माझ्याकडे आला, तेव्हा मी त्यातली वाक्ये सरळ केली आणि अकरा वीरांचे अकरा दगड तसेच राहू दिले.

हे असेच चालले असते. पण तीन वर्षांपूर्वी भीमपूरकडच्या एका गावातून एक म्हातारी सुनेला घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या आज्याचा बाप या लढाईला गेला होता आणि परतला नव्हता. ती पाटीपाशी थांबली नाही. अकराही दगडांजवळ गेली, प्रत्येकाशी बसून पाहिले आणि खचलेल्या काठापाशी थांबली. मी जवळ गेले तर म्हणाली, "हितं बसलं का मानूस कोनाले दिसत नाई, पन त्याले समदं दिसते. आमच्या घरची मान्सं अशीच जागा धरतात." तिने सातव्या दगडाला नव्या ज्वारीची कणसे वाहिली. मी तिला पाणी दिले, चहा पाजला, बसपर्यंत सोडायला गेले, आणि सांगितले मात्र काहीच नाही. ती दुसऱ्या वर्षी आली, तिसऱ्या वर्षी आली. दर खेपेला मी चहा पाजला.

तीन आठवड्यांपूर्वी हैदराबादहून एक अधिकारी आले. तरुण, कामसू, हिंदीत बोलणारे. मी लढाई सांगत असताना त्यांनी वहीत टिपून घेतले, मातीत बोट खुपसून पाहिले, मला फार आनंद झाला. मग त्यांनी योजना सांगितली. दगड जुने म्हणून सरकारी नोंदवहीत चढवायचे, प्रत्येकाखाली सिमेंटचा चौथरा, भोवती साखळी. त्यासाठी गावातल्या जुन्या, शिकलेल्या माणसाचा लेखी दाखला हवा, की हे दगड लढाईच्या काळापासून इथे आहेत. मॅडम, तुमच्याइतके योग्य कोण, फक्त एक दस्तखत, असे ते म्हणाले. मी चाचरत विचारले, दाखला नाही मिळाला तर? तर ते नुसते नाल्यातले दगड, ते म्हणाले, आणि आराखड्यात त्या जागी हिरवळ आहे, ठेकेदार उचलून टाकील. सोमवारपर्यंत द्या.

तेव्हापासून मी नीट विचार करू शकत नाही. सही केली तर आमचा पाचवीचा धडा सरकारदरबारी कायमचा इतिहास होतो, आणि तुम्ही मला पुराव्याशिवाय वाक्य लिहू नये असे शिकवले होते. सही केली नाही तर म्हातारीचे कणसे ठेवायचे ठिकाण ठेकेदाराच्या ट्रॅक्टरमध्ये जाते. मी दोन कागद लिहून फाडले. नकाशा काढून माळावर गेले, पावले मोजली, अकराही दगड जागच्या जागी निघाले. एखादा तरी नकाशाबाहेरचा निघावा, आमच्या आधीचा असावा, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेवटी एवढेच ठरवता आले, की कार्यालयाआधी म्हातारीला कळले पाहिजे. म्हणून काल बसने भीमपूरला गेले आणि तिथून ऑटोने तिच्या गावी.

ती शेतात होती, कापूस वेचत. सूनही होती. मला पाहून म्हातारीने ओटीतला कापूस सावरला. "मास्तरीनबाई, तुमी? बागेत काई कार्यक्रम हाये का?" मी म्हटले, कार्यक्रम नाही, एक गोष्ट सांगायची आहे, थोडे बसता का. ती म्हणाली, "सांगा ना मंग. कापूस हात वेचून राह्यले, कानं तं रिकामेच हायेत." मी तिच्या तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, लागून चालत सांगू लागले. वर्गात सांगते तसे, क्रमाने: आधी शाळा, मग तुम्ही, मग नाल्यातले दगड, मग हजेरी क्रमांक. सातव्यापाशी आले तेव्हा तिचे हात थांबले होते. आधी सूनच बोलली, "म्हंजी आमी पोरीच्या खेळाले कनसं वाहली?" म्हातारीने तिला हाताने गप्प केले. मग माझ्याकडे पाहिले. "तीन वर्सं झाली, मी येऊन राह्यली. तुमी मले पानी देल्लं, चहा देल्ला. तवा काऊन नाई बोलल्या?"

लोक असे मानतात, हे माझे वाक्य तिथे कोणत्याच अर्थाने चालले नसते.

मग तिने विचारले, "लढाई तरी झाली व्हती, का ते बी तुमच्या वर्गानंच केली?" बाई, मला रडावे का हसावे ते कळेना. मी तिथेच मातीत बसले आणि कापसाच्या वाळक्या पळाटीने नाला काढला, टेकाड काढले, तोफ मांडली. नांगराला लागलेल्या शिशाच्या गोळ्या आपल्या शाळेच्या कपाटात होत्या, त्या सांगितल्या. जुन्या महसुली कागदांत उर्दूत त्या तुकड्याचे नाव जंगी माळ, म्हणजे लढाईचा माळ, असे आहे, ते सांगितले. लढाई खरी, मावशी, जागा खरी, फक्त दगड आमचे. मला वेळेचे भान राहिले नाही. सून कधी येऊन शेजारी उकिडवी बसली तेही समजले नाही. घोडेस्वार कुठून आले ते तिने विचारले, मी रेघ ओढली. म्हातारी उभीच होती. रेघ जिथे संपली तिथे पाहत ती जे बोलली ते तीन वर्षांत एकदाही बोलली नव्हती.

"आमच्या गावात म्हनत का तो पळाला. नदी उतरून तिकडं दुसरं घर केलं म्हनत. माह्या सासूले पान्यावर बाया टोमने मारत, पळपुट्याच्या घरची म्हनून. मले बी मारले. दगड भेटला तवापासून तोंडं बंद झाली." तिने ओटी मोकळी केली, कापूस धोतराच्या फडक्यावर टाकला आणि विचारले, "आता तुमीच सांगा. घोडे मांगून आले. मंग तो मेला, का पळाला?"

मी तिला दगडाची गोष्ट सांगायला गेले होते. तिला दगडाची काळजी नव्हतीच. चाळीस वर्षे मुलांनी प्रश्न विचारले आणि मी उत्तरे दिली, येत नसले तर उद्या सांगते म्हणाले आणि रात्री पुस्तके चाळली. हे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. उतार चढून मागे आलेले घोडे, मोकळा राहिलेला नाल्याचा उतार, त्यापुढे नदी. माझ्याच रेघांनी दोन्ही गोष्टी शक्य करून ठेवल्या होत्या. मी म्हटले, "मला माहीत नाही, मावशी."

ती पुन्हा वेचू लागली. परत जावे की थांबावे ते मला कळेना, म्हणून शेजारचे तास धरून मीही वेचू लागले. दहा-बारा झाडे झाल्यावर तिने माझ्या पदरातला कापूस चिवडून पाहिला आणि सुनेला म्हणाली, मास्तरीनबाईले कोनी कामाले ठेवनार नाई, अर्धा पाला वेचला. सून हसली. मी पदरातला पाला निवडून टाकला. तास संपले तेव्हा बांधावर बसून तिने पाणी प्यायले, तांब्या माझ्याकडे दिला आणि तुम्ही वर्गात शुद्धलेखन घालायचात तसे एकेक वाक्य सावकाश सांगितले.

"लिहा मंग खरं. पन अर्धं नका लिहू. कोन मेलं ते माहीत नाई, तसंच कोन पळालं ते बी माहीत नाई, असं लिहा. सरकारी कागदावर लिहा. म्हंजी उद्या कोनी बोललं, तं मी दाखवीन."

काल संध्याकाळी मी दाखल्याऐवजी निवेदन लिहिले. पहिल्या परिच्छेदात लढाईचे पुरावे, दुसऱ्यात आमचा धडा आणि नकाशाची प्रत, तिसऱ्यात दगड तिथे का राहिले, आणि चौथ्यात तिचे म्हणणे, माझ्या भाषेत पण तिच्या क्रमाने: या लढाईत कोण पडले हे आज सांगता येत नाही, आणि कोणी पळून गेल्याचाही कोणताही पुरावा नाही. खाली विनंती, की दगड काढू नयेत, पाचवीच्या मुलांनी लढाई समजून घेण्यासाठी ते रोवले अशी पाटी लावून ते ठेवावेत. पुन्हा पुन्हा वाचले तरी मला खात्री वाटत नाही. अधिकाऱ्यांना हे कामाचे वाटणार नाही. समितीतले लोक म्हणतील, बाग नावारूपाला येत होती आणि हिनेच विघ्न आणले. ज्यांचे नवस फेडून झाले आहेत त्यांना मी तोंड कसे दाखवू? हिरवळीचा ट्रॅक्टर मंगळवारी येईल की महिन्याने, हेही मी विचारून ठेवलेले नाही. म्हातारी यंदा येणार का, हे मी तिला विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. मी ऑटोत बसताना तिने फक्त स्वतःच्या त्या वाक्यांची एक प्रत मागितली. ती वाचू शकत नाही. सून वाचून दाखवील.

उद्या निवेदन जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तिसऱ्या परिच्छेदाविषयी इथे लिहिते. शिक्षिकेची त्याच आठवड्यात बदली झाल्यामुळे दगड जागेवर राहिले, असे मी त्यात लिहिले आहे. तारखांच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण बस येण्याआधी नकाशा माझ्या हातात देताना तुम्ही म्हणाला होता, शनिवारी तू पुढे हो, सगळ्यांना घेऊन दगड नाल्यात टाक. वर्गाची प्रमुख मी होते. शनिवारी मी कोणालाच बोलावले नाही. एकटीच गेले, माझा दगड उपटला, नाल्यापर्यंत नेला, आणि परत आणून होता तिथे पुरला. इतरांच्या दगडांना हात लावला नाही. निवेदनात हे कुठे बसवायचे ते मला अजून सुचलेले नाही. खरे कारण असे, की बस सुटताना तुम्ही खिडकीतून एकदाही मागे पाहिले नाही, आणि मला तुमचा राग आला होता.